गरिबांच्या शेअर राईडला सबसिडी द्यावी का? द्यावी, पण तिकिटाला नाही, फेरीला

प्रश्न असा विचारलाय की ओला-उबरसारख्या शेअर गाड्यांना सरकारनं गरिबांसाठी सबसिडी द्यावी का, अमेरिकेत काही ठिकाणी देतात म्हणे, मग आपल्या मराठवाड्यात का नको. आता मी ३१ वर्षं एसटीत काढली, कंडक्टर म्हणून लागलो, पुढं वाहतूक नियंत्रक झालो आणि वाहतूक निरीक्षक म्हणून रिटायर झालो, बीड-लातूर-धाराशिवकडचे डेपो फिरलो, त्यामुळं हो किंवा नाही एवढ्यावर माझं भागणार नाही, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, शेअर राईड ही काय ॲपवाल्यांनी काढलेली नवी गोष्ट नाही. मोबाईलवर गाडी बोलवायची, अनोळखी दोघं-तिघं एका गाडीत आणि भाडं वाटून, हे मोठ्या शहरांत २०१५ च्या आसपास आलं आणि मार्च २०२० ला कोरोना आला तसं बंद पण झालं. आमच्याकडं तेच काम काळी-पिवळी, टमटम, मॅजिक, क्रुझर कितीतरी वर्षांपासून करतायत. ॲपच्या जागी फाट्यावर एक पोरगा उभा असतो एवढाच फरक, तो ओरडत असतो "चला एक शीट, एकच शीट" आणि तुम्ही वाकून बघितलं तर आत चार शिटा रिकाम्या.

ते दृश्य एकदा नीट बघा, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. संध्याकाळचे साडेपाच, फाट्यावर ॲपे उभी. मागच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाईल. शेजारी बाजार करून आलेली दोन माणसं, पुढं कॉलेजची एक पोरगी, ती सारखी मोबाईलमधलं घड्याळ बघतीय. म्हातारी विचारते, "कवा निघायलास बाळा?" तो म्हणतो, "निघायलोच माय, दोन शिटा येऊ दे." हे साडेपाचला. सहाला पण तेच. सव्वासहाला एक जण येतो, ड्रायव्हर इंजिन चालू करतो, सगळ्यांना वाटतं निघाली, तो गाडी दहा फूट पुढं घेतो आणि परत उभी करतो. (ही ट्रिक सगळीकडं सारखी आहे, कोण शिकवतं देव जाणे.) पावणेसातला गाडी निघते तेव्हा परमिटावर लिहिलेल्याच्या दुप्पट माणसं आत असतात, दोघं मागं लटकलेले.

आता सांगा, म्हातारीचा प्रॉब्लेम भाडं आहे का? भाडं ती कसंतरी देते. ती जी किंमत मोजते ती सव्वा तासाची आहे, आणि त्या पोरीला घरून पुढच्या वर्षी कॉलेज बंद कर म्हणतील ते पण त्याच सव्वा तासापायी. भाड्यात वीस रुपये सबसिडी दिली तरी गाडी भरल्याशिवाय हलणार नाही. म्हणून मी म्हणतो, शेअर गाडीला पैसा द्यायलाच पाहिजे पण तो प्रवाशाच्या तिकिटावर नको, फेरीवर द्या. गाडी ठरल्या वेळेला निघेल याचे पैसे द्या.

तिकिटावर सवलत द्यायचं काम आपल्या राज्यात आधीच भरपूर झालंय आणि ते चांगलंच झालंय, मी त्याच्या विरोधात नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट, विद्यार्थ्यांना पासात ६६ टक्के सूट, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवींच्या नावाचा पास फुकट. बायांचं अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा स्टँडवर जी गर्दी मी बघितली तशी आधी फक्त यात्रेलाच बघितली होती. ज्या बायका वर्षातून दोनदा माहेरी जायच्या त्या महिन्याला जायला लागल्या. (आणि ज्येष्ठांची सवलत आली तशी काही लोकांची वयं पण एका रात्रीत वाढली, आधार कार्डावर ७६ आणि डोक्यावर एक पांढरा केस नाही, कंडक्टर बिचारा काय करणार.) पण हे सगळं जिथं एसटी जाते तिथं. ज्या वाडीला एसटीच येत नाही तिथल्या बाईला अर्धं तिकीट म्हणजे शून्याचं अर्धं.

आणि वाडीला एसटी का येत नाही हे मला नका विचारू, कारण त्यातले काही अहवाल मीच लिहिलेत. भारमान (म्हणजे गाडी किती भरून जाते ते) कमी, उत्पन्नात डिझेल निघत नाही, सबब फेरी बंद करावी, खाली माझी सही. कागदावर चूक काहीच नव्हतं. ५० सीटची बस ५ किलोमीटर आत जाऊन ७ माणसं घेऊन येते, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पूर्वी मुक्कामी गाड्या असायच्या, रात्री गावात थांबायच्या, ड्रायव्हर-कंडक्टर सीटवरच झोपायचे, कुणीतरी भाकरी-पिठलं आणून द्यायचं आणि सकाळी पहिली फेरी दूधवाले, शाळेची लेकरं, तालुक्याला कोर्टात तारीख असलेले, सगळ्यांना घेऊन निघायची. त्या गाड्या कमी होत गेल्या तशी आतली गावं टमटमच्या भरवशावर पडली. मोठी बस परवडत नाही हे खरं, पण माझ्या अहवालात छोटी गाडी पाठवा असं लिहायला रकानाच नव्हता.

अमेरिकेचं म्हणाल तर त्यातून शिकण्यासारखं आहे, फक्त लोक अर्धंच सांगतात. फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीच्या बससेवेनं २०१६ मध्ये उबरबरोबर करार केला, ठराविक बसथांब्याला येण्या-जाण्याच्या भाड्यातला काही भाग सरकारी, आणि शिवाय कमी उत्पन्नाच्या कामगारांना रात्री ९ ते सकाळी ६, म्हणजे बस बंद असताना, गाडी फुकट. ही दुसरी आयडिया मला एकदम पटते, कारण पैसा बसला स्पर्धा करायला नाही तर जिथं बसच नाही त्या वेळेला लावला. दुसरं उदाहरण कॅनडाचं, ओंटारिओतलं इनिसफिल नावाचं छोटं गाव, ३६-३७ हजार वस्ती. त्यांनी २०१७ मध्ये बस सुरू करण्याऐवजी सरळ उबरलाच सबसिडी दिली. लोक खूश, भरपूर वापरायला लागले, आणि तिथंच घोळ झाला, कारण बसमध्ये माणसं वाढली की माणसामागचा खर्च कमी होतो पण कारमध्ये प्रत्येक ट्रिपला सबसिडी परत नव्यानं. शेवटी २०१९ मध्ये भाडं १ डॉलरनं वाढवून महिन्याला ३० ट्रिपांची मर्यादा घालावी लागली. म्हणजे स्कीम चालली म्हणून अडचणीत आली! भारमान हा शब्द ज्यानं रोज वापरलाय त्याला हे लगेच कळतं.

आता कायद्याची बाजू, कारण इथं सगळे गप्प बसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकार आहेत, टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक. वाटेत माणसं चढवत-उतरवत, शीटमागं भाडं घेत जायचं ती टप्पा वाहतूक, ती एसटी करते. टमटम, काळी-पिवळीचं परमिट कंत्राटी, म्हणजे एका पार्टीनं पूर्ण गाडी ठरवायची. त्यामुळं रोज फाट्यावर जे चालतं ते कायद्यानं बघितलं तर चुकीचंच, आणि मी स्वतः कितीतरी वर्षं स्टँडपासून २०० मीटरच्या आत या गाड्या उभ्या राहू नयेत म्हणून शिट्टी घेऊन पळालोय. माझं मत फिरलं ते २०२१-२२ च्या संपात. साडेपाच महिने लालपरी जागेवर आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनंच खाजगी गाड्यांना प्रवासी न्यायला परवानगी दिली. ज्याच्यावर मी दिवाळीआधी केस केली होती तोच दिवाळीनंतर स्टँडसमोर उभा राहून मला म्हणाला, "साहेब, बसा, सोडतो घरी." बसलो. काय करणार, घर १२ किलोमीटर होतं.

बेकायदेशीर असण्यात खरा तोटा ड्रायव्हरचा नाही, प्रवाशाचा आहे. विमा परमिटावर जितक्या शिटा आहेत तितक्यांचाच असतो. सहाच्या गाडीत बारा बसले आणि पलटी झाली तर कंपनी म्हणणार आम्ही सहाचं बघू, बाकीचं मालकाकडून घ्या, आणि मालकाकडं काय असतं, तीच पलटी झालेली गाडी आणि तिचे राहिलेले हप्ते. त्यामुळं सरकारनं एक रुपया जरी टाकायचा असेल तर पहिली अट हीच, की परमिटाइतकीच माणसं. पण ही अट घातली की ड्रायव्हर पळून जाणार, कारण त्याचं सगळं गणितच दुप्पट शिटांवर आहे. हे न समजता जी स्कीम करेल ती मंत्रालयात पास होईल आणि फाट्यावर नापास.

गणित करून दाखवतो. धरा १९ किलोमीटरचा रूट, शीटमागं ४० रुपये, सहा शिटा म्हणजे २४०. आज तो दहा भरून ४०० करतो. सहावर चालवायचं तर त्याला फेरीमागं निदान ३०० पक्के पाहिजेत, भरो न भरो, आणि ३०० ला तो का तयार होईल, तर फाट्यावरचा तास-सव्वा तास वाचतो, पोलिसाचं टेन्शन जातं, दिवसात एक-दोन फेऱ्या जास्त होतात. गाडी पूर्ण भरली तर सरकारला ६० टाकायचे, तीनच माणसं असली तर १८०. दिवसाला दोन फेऱ्या, रोज अर्धी गाडी रिकामी असं वाईटात वाईट धरलं तरी ३६० रुपये रोज, महिन्याला १०,८०० एका रूटला. आता दुसऱ्या पद्धतीनं करा, त्याच गावातल्या २० जणांना जाता-येता २० रुपये सूट द्या, रोजचे ८०० झाले, महिन्याला २४,०००, आणि गाडी तरी भरल्यावरच निघणार. ॲपनं सूट द्यायची म्हटलं तर आणखी गंमत, म्हातारीकडं साधा फोन, वाडीत रेंज झाडावर, मग सबसिडी मिळणार कुणाला, संभाजीनगरात सिडकोतून निराला बाजारला जाणाऱ्याला.

पैशापेक्षा मोठी भीती वेळेची आहे. सरकारी पैसे उशिरा येतात हे आरटीईवाल्या शाळांना विचारा, एसटीच्या सवलतींची प्रतिपूर्ती पण कधी वेळेवर, कधी नाही. एसटी मोठी आहे, ओढत-ताणत काढते. टमटमवाल्याचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो, दोन हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. म्हणून पैसे ग्रामपंचायत किंवा तालुका पातळीवर आगाऊ ठेवून आठवड्याला देता आले तरच यात हात घालावा, नाहीतर पहिल्या वर्षी पंधरा गाड्या लागतील आणि दुसऱ्या वर्षी दोन उरतील, त्या पण सरपंचाच्या भाच्याच्या.

आणि हो, बोगस फेऱ्या होणार. मी निरीक्षक होतो, मला विचारा. जीपीएस लावलं तर मोबाईल मोटारसायकलवर बांधून फिरवतील. तिकीट मशीन दिलं तर घरी बसून सहा तिकिटं फाडतील. मला तरी एकच उपाय चालताना दिसतो, ज्यांना गाडीची गरज आहे त्यांच्याच हातात हजेरी ठेवायची. बचत गटाच्या बायका, आशाताई, शाळेचे गुरुजी. गाडी आली नाही तर सगळ्यात आधी बोंब त्यांचीच होणार. ऑफिसात बसून तपासणी करणाऱ्याला काय फरक पडतो गाडी आली का नाही आली.

काही लोक म्हणतील एवढं करण्यापेक्षा एसटीच वाढवा. माझं मीठ एसटीचं आहे, मला ते आवडेलच, आणि मोठ्या रस्त्याला, तालुका ते तालुका, एसटीच पाहिजे, तिथं शेअर गाडीला एक पैसा देऊ नये. सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या बस बघा, राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेतात, आणि त्या मिशनचं मुख्य ऑफिस आपल्या संभाजीनगरातच आहे. ज्या गावाला ती बस जाते तिथं आठवीनंतर पोरी घरी बसायचं प्रमाण कसं कमी झालं हे मी डोळ्यानं बघितलंय. पण ती बस पण शाळेच्या वेळेची. दवाखाना, बाजार, रात्रीची शिफ्ट, हे सगळं तिच्या बाहेर.

उलट बाजू पण आहे. तेलंगणात डिसेंबर २०२३ ला बायांना बस फुकट झाली आणि तिथले रिक्षावाले रस्त्यावर आले, आमच्या देगलूर-धर्माबादच्या लोकांना हे पलीकडं गेलं की दिसतंच. कर्नाटकात तसंच झालं, सप्टेंबर २०२३ ला बेंगळुरूत खाजगी गाडीवाल्यांनी बंद केला. म्हणजे बसला पैसा दिला की छोट्या गाडीचं गिऱ्हाईक तुटतं, मग तो गाडीवाला आतल्या गावाची फेरी पण सोडून देतो, कारण त्याचं पोट मेन रोडवरच्या शिटांवर भरायचं आणि आतली फेरी तो बोनस म्हणून करायचा. आंध्रनं २०१९ पासून स्वतःची रिक्षा असणाऱ्याला वर्षाला १०,००० रुपये हातात दिले. वाईट नाही, पण ते पैसे विमा-फिटनेसला गेले, साडेपाचची गाडी साडेपाचला निघावी असं त्यात काही नव्हतं.

शहराचं थोडक्यात सांगतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा कंत्राटी कामगाराला कंपनीची बस नसते, तिथं पिनेलाससारखं रात्रीपुरतं करता येईल आणि तिथं फोन-ॲप पण चालेल. त्यातला अर्धा खर्च कंपन्यांनीच उचलावा असं माझं मत, सरकारनं का?

आता शेवटचं, हे सगळं मी हवेत बोलत नाहीये. आमच्या वाडीकडचे एक अण्णा आहेत, त्यांना आठवड्यात दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून फुकट. सकाळी जायला बस मिळते. पण चार तास मशीनवर पडून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्यात फाट्यावर तासभर बसायचं त्राण नसतं, म्हणून येताना स्पेशल, ६०० रुपये. महिन्याला आठ वेळा, ४,८००. निराधारचे मिळतात १,५००. उपचार फुकट आणि घरी यायला शेळ्या विकाव्या लागतात. काकू म्हणाल्या, "दोन शेळ्या गेल्या, आता एकच राहिली, पुढं कसं करायचं?" मग आसपासच्या वाड्यांतले असेच आणखी तीन पेशंट शोधले आणि एका टमटमवाल्याशी बोललो, मंगळवार-शुक्रवार, दवाखान्यासमोरून पावणेसहाला निघायचं, सहाच्या वर माणूस घ्यायचा नाही, फेरीचे ३०० पक्के, शिटांचे कमी पडले तर आम्ही चार घरं मिळून देऊ.

पहिल्या महिन्यात आठ फेऱ्या झाल्या, २८ शिटा भरल्या, आम्हाला १,२८० रुपये भरावे लागले. तो ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात सारखा मागं वळून बघायचा, "साहेब, पाच मिनिटं थांबू का, एक शीट दिसायलंय." नाही म्हटलं, निघ. पण बाजाराच्या लोकांना कळलं की ही गाडी टाईमावर निघते, तसे ते आपणहून येऊन उभे राहायला लागले. तिसऱ्या महिन्यात नऊ फेऱ्या, ५४ पैकी ४९ शिटा, आमचे गेले ७४०, म्हणजे घरटी १८५. ती कॉलेजची पोरगी पण आता याच गाडीला असते, मंगळवार-शुक्रवार. बाकीचे चार दिवस ती फाट्यावरच बसते आणि मला भेटली की विचारते, "काका, सोमवारचं पण बघा ना कुणी पेशंट."